ईको व्हॅनचा ब्रेक लाइट लागत नाही किंवा विझतच नाही: स्विचची तपासणी आणि बदली

शाळेची मुलं नेणारी व्हॅन असो, वडाप असो की भाजीचे क्रेट वाहणारी गाडी, ब्रेक लाइटचा स्विच नीट बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. तरीही ईको आणि तिच्या धाटणीच्या व्हॅनमध्ये हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते. नवा स्विच टाकला, चार महिने बरे गेले, परत तेच. असं होत असेल तर जुना स्विच खरंच गेला होता का आणि गेला असेल तर कशामुळे, हे बहुधा कुणी पाहिलेलं नसतं. पुढचा क्रम त्यासाठीच आहे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, पाना हातात घ्यायचं काम शेवटी.

लक्षणं

- ब्रेक दाबल्यावर मागचे दोन्ही दिवे लागत नाहीत, टेल लाइट मात्र व्यवस्थित.
- एकाच बाजूचा ब्रेक लाइट बंद.
- पेडल हलकं दाबलं तर काही नाही, जोरात दाबलं की लागतो.
- पाय काढल्यावरही दिवे चालूच. पायाच्या बोटाने पेडल वर उचललं की विझतात.
- रात्री गाडी उभी केली, सकाळी बॅटरी बसलेली.
- ब्रेक दाबला की इंडिकेटर किंवा टेल लाइट मंद लुकलुकतो.
- एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर पी ०५७१ किंवा पी ०५०४ असा कोड.
- बटन स्टार्टच्या एमपीव्हीमध्ये (मोठ्या कौटुंबिक गाडीत) ब्रेक दाबूनही इंजिन सुरू होत नाही, ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'पी'मधून निघत नाही. त्या गाड्यांचा कॉम्प्युटर पेडल दाबल्याची खबर याच स्विचकडून घेतो.

बॅटरी बसण्याची तक्रार घेऊन लोक थेट बॅटरीवाल्याकडे जातात, म्हणून तिचा हिशोब आधी सांगतो. मागे २१ वॉटचे दोन बल्ब, म्हणजे ४२ वॉट. १२ व्होल्टवर हा करंट साडेतीन अँपिअर होतो. दिवे असे रात्रभर जळत राहिले तर ३५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरीसुद्धा सकाळी सेल्फ मारणार नाही. नवी बॅटरी घ्यायच्या आधी रात्री अंधारात एकदा गाडीच्या मागे जाऊन बघा.

स्विच काय करतो

पेडलच्या वरच्या टोकाशी, ब्रॅकेटवर हा छोटा स्विच बसलेला असतो. त्याच्या तोंडाला आत-बाहेर होणारी पिन आहे. पाय पेडलवर नसतो तेव्हा पेडलचा दांडा ही पिन आत दाबून ठेवतो आणि सर्किट तुटलेलं राहतं. ब्रेक दाबला की दांडा पुढे सरकतो, पिन बाहेर येते, आतले पॉइंट जुळतात आणि दिवे लागतात. घरातल्या फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लागतो, तीच रचना.

यातून दोन गोष्टी निघतात. दांडा पिनेपासून दूर राहिला तर दिवे कायम चालू. स्विच फार पुढे आला तर पेडल बरंच दाबेपर्यंत दिवे लागतच नाहीत. दोन्ही वेळा स्विच शाबूत असतो, फक्त त्याची जागा चुकलेली असते.

पहिली तपासणी: नेमकं काय लागतंय, काय नाही

गाडी रात्री भिंतीला पाठ करून उभी करा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. दिवसा करायचं असेल तर सीट आणि पेडल यांच्यात लाकडी फळी अडकवा आणि मागे जाऊन पाहा. बहुतेक व्हॅनमध्ये ब्रेक लाइट चावी काढलेली असतानाही लागतो, त्यामुळे इंजिन चालू ठेवायची गरज नाही.

एकच बाजू बंद असेल तर स्विचला हात लावू नका. स्विच दोन्ही बाजूंना एकच आहे, एका बाजूला वीज जाते याचा अर्थ तो काम करतोय. अशा वेळी दोष बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूच्या अर्थिंगमध्ये असतो. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर संशय फ्यूज, स्विच आणि समाईक तारेवर. मात्र दोन्ही बल्ब मागेपुढे जळून गेलेले असणं हेही नेहमीचंच आहे. पहिला जळतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, दुसरा जळल्यावर तक्रार सुरू होते.

दुसरी: बल्ब आणि होल्डर

मागच्या दिव्याचे स्क्रू काढून बल्ब बाहेर घ्या. हा १२ व्होल्ट २१/५ वॉटचा दोन तारांचा बल्ब असतो. ५ वॉटची तार टेल लाइटची, २१ वॉटची ब्रेकची. त्याच्या अंगावरच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, मुद्दाम खाली-वर केलेल्या असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. कुणी जोर लावून उलटा घुसवला, किंवा एका तारेचा बल्ब त्यात ठोकला, तर टेल लाइट लावल्यावर ब्रेकचा उजेड पडतो आणि ब्रेक दाबल्यावर फरकच दिसत नाही. मागून येणाऱ्याला हे फार घातक आहे, कारण रात्री त्याला ब्रेक लागल्याचं कळतच नाही.

होल्डरच्या तळाचे दोन टिपके बघा. वितळलेलं प्लॅस्टिक, काळवंडलेली पत्री किंवा हिरवट गंज असेल तर होल्डर बदला. पॉलिश पेपर मारून चालवलेला होल्डर पावसाळ्यापर्यंतच टिकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हा दोष स्विचच्या दोषापेक्षा आधी तपासावा असं माझं ठाम मत आहे.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर ती अर्थिंगची खूण. दिव्यातून परत जायला विजेला बॉडीचा रस्ता मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि होल्डरची अर्थ तार ते बॅटरीचं निगेटिव्ह असं व्होल्टेज मोजा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा स्क्रू काढा, रंग आणि गंज खरवडा आणि थिंबल (तारेच्या टोकाची कडी) घट्ट कसा.

मागच्या काचेपाशी तिसरा ब्रेक दिवा असेल आणि फक्त तोच बंद असेल, तर टेलगेटच्या (मागच्या दाराच्या) बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून बघा. दार हजारो वेळा उघडून-मिटून तार आतल्या आत तुटते, बाहेरून वेष्टण मात्र चांगलं दिसतं. तार हलकी ओढली आणि रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं उरलेलं नाही.

तिसरी: फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. 'स्टॉप' असं लिहिलेला फ्यूज शोधा. अनेक गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर चालतात, म्हणून आधी हॉर्न वाजवा. दोन्ही गेले असतील तर शोध निम्मा संपला.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका, टेस्ट लॅम्पने (चिमटा आणि सुई असलेल्या तपासणीच्या दिव्याने) त्याच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना वीज आहे का ते बघा. पात्याच्या मुळाशी गेलेली बारीक चीर दिसत नाही. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तो लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. १० चा उडतो म्हणून २० चा टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी तार जाळणं. ती तार तुमच्या पायाशी, कार्पेटखालून जाते. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत तर हा विचारसुद्धा मनात आणू नका.

चौथी: पेडलवरची टिकली

ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा सुटते. काही गाड्यांत पेडलच्या दांड्याला एक भोक असतं आणि त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी टिकली बसवलेली असते. स्विचची पिन तिच्यावर टेकते. उन्हाने, वयाने ती ठिसूळ होऊन फुटते, पिन त्या भोकातून आरपार जाते आणि दिवे चालू राहतात. खाली मॅटवर प्लॅस्टिकचे तुकडे पडलेले दिसले की समजावं. नवा स्विच टाकून काहीही फरक पडणार नाही, कारण पिन पुन्हा त्याच भोकातून जाणार. टिकली अगदी स्वस्तात मिळते. रात्रीपुरती सोय म्हणून भोकात छोटा नट-बोल्ट बसवता येतो, पण बोल्टच्या डोक्याच्या जाडीमुळे स्विच आणि पेडल यांच्यातली फट बदलते. ती पुन्हा लावावी लागेल.

मॅटसुद्धा बघा. जाड रबरी मॅट किंवा तिच्याखाली सरकलेली पाण्याची बाटली पेडलच्या हालचालीत अडथळा आणते. ही गोष्ट दिव्यापुरती नाही, थेट ब्रेकची आहे.

पाचवी: स्विच गेला की जागा चुकली

सीट मागे घ्या, टॉर्च लावा, डोकं डॅशबोर्डखाली घाला. दोन पिनांचा कप्लर (तारा जोडणारा प्लग) असलेला स्विच दिसेल. नव्या गाड्यांत तो चार पिनांचा असू शकतो, कारण दुसरी जोडी कॉम्प्युटरला खबर देते.

दिवे कायम चालू असतील तर कप्लर काढा. दिवे विझले तर दोष स्विचमध्ये, त्याच्या फटीत किंवा टिकलीत. कप्लर काढूनही दिवे जळत असतील तर स्विच निर्दोष आहे. मागे कुठेतरी वीज दुसऱ्या तारेतून येते आहे, बहुधा वितळलेला होल्डर किंवा बाहेरून जोडलेली एलईडी पट्टी.

दिवे लागतच नसतील तर टेस्ट लॅम्पचा चिमटा स्वच्छ अर्थला लावा आणि सुई कप्लरच्या एकेका तारेला. एका तारेला कायम वीज हवी. ती नसेल तर दोष फ्यूज ते स्विच या वाटेत आहे. वीज असेल तर दोन पिनांच्या कप्लरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज जोडलेली छोटी तार घेऊन दोन्ही टोकं जोडा. दिवे लागले म्हणजे पुढचं वायरिंग ठीक, गडबड स्विचची. नाही लागले तर स्विचच्या पुढची तार शोधावी लागेल. चार पिनांच्या कप्लरवर हा प्रयोग अंदाजाने करू नका. चुकीच्या दोन पिना जुळल्या तर कॉम्प्युटरच्या लाइनवर थेट १२ व्होल्ट जाऊ शकतात.

आता स्विच सुटा तपासा. मल्टिमीटर बीपवर ठेवा. पिन मोकळी असताना बीप वाजला पाहिजे, पिन दाबल्यावर थांबला पाहिजे. पण बीप वाजला म्हणजे स्विच चांगला, असं धरू नका. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, दिव्यांना साडेतीन अँपिअर लागतात. जळालेले पॉइंट मीटरला जुळलेले वाटतात आणि दिव्याला नाही. म्हणून कप्लर जोडून, ब्रेक दाबून, कप्लरच्या मागच्या बाजूने स्विचच्या दोन तारांमधलं व्होल्टेज मोजा. चांगल्या स्विचवर ते ०.२ व्होल्टच्या आत राहतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर पॉइंट खाल्ले गेलेत, स्विच बदला. जोरात दाबल्यावरच दिवा लागणाऱ्या गाडीत फट बरोबर निघाली, तर हेच कारण सापडतं.

बदली

लागणाऱ्या वस्तू: कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचा स्विच (काही शे रुपयांचं काम आहे, यात काटकसर करू नये), १० आणि बहुधा १४ नंबरचा पाना, टॉर्च, मार्कर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या).

गाडी सपाटीवर, चाकांना दगड किंवा ठोकळा, हँडब्रेक, चावी बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा. मोबाइलवर स्विचचा फोटो काढा आणि लॉक नटच्या (स्विच जागेवर घट्ट धरणाऱ्या नटच्या) बाहेर किती आटे दिसतात ते मोजून ठेवा. नवा स्विच अंदाजे तिथेच येईल.

कप्लरची कडी दाबून कप्लर काढा, तारांना धरून ओढू नका. हे आधी करायचं कारण असं, की आट्यांचा स्विच काढताना पूर्ण फिरतो, कप्लर जोडलेला असेल तर तारा पिळतात. लॉक नट सैल करा आणि स्विच हाताने फिरवून काढा.

नवा स्विच बसवायच्या आधी जुन्याशेजारी धरा. आटे, पिनेची लांबी, कप्लरच्या पिना, सगळं जुळलं पाहिजे. मग मल्टिमीटरवर तपासा. काही गाड्यांत क्लच पेडलचा स्विच दिसायला हुबेहूब असतो आणि काम उलटं करतो. दुकानात डबा बदलला तर तोच हातात येतो.

स्विच हाताने आत घ्या. एका हाताने पेडल स्वतःकडे पूर्ण वर ओढून धरा आणि आट्यांचं टोक पेडलच्या टिकलीपासून किंचित लांब राहील असं लावा. पिन पूर्ण आत गेलेली हवी, पण स्विचचं अंग पेडलला टेकता कामा नये. आट्यांच्या स्विचसाठी ही फट साधारण अर्धा ते एक मिलिमीटर धरतात. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच खरा. फिलर गेज घालून बघा, मग स्विचचं अंग धरून लॉक नट कसा. नट कसताना स्विच सोबत फिरतो आणि फट बदलते, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजा. आटे बारीक आहेत, लांब पान्याने जोर लावला तर जातील.

पिळून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्विचची तऱ्हा वेगळी. त्यातले काही बसवताना स्वतःची फट एकदाच ठरवतात. पेडल वर ठेवायचं की दाबून धरायचं हे त्या स्विचच्या सूचनेप्रमाणेच करा. एकदा काढलेला असा स्विच परत बसवला की फट चुकते.

बसवल्यावर थांबू नका

कप्लर आणि बॅटरीची तार परत जोडा. पेडल थोडं दाबताच दिवे लागले पाहिजेत आणि पाय हळूहळू उचलल्यावरही प्रत्येक वेळी विझले पाहिजेत. दहा-बारा वेळा करा. कप्लर हलवून बघा, उजेड लुकलुकायला नको.

यापुढचं महत्त्वाचं आहे. स्विच जास्त आत घेतला तर तो पेडलला पूर्ण मागे येऊ देत नाही. मग मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागातलं) बारीक भोक बंदच राहतं, ब्रेक ऑइलचा दाब सुटत नाही आणि ब्रेक चिकटून राहतात. दिवे अगदी बरोबर चालतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पंधरा-वीस किलोमीटरनंतर चाकांतून करपल्याचा वास येतो, अॅव्हरेज पडतं आणि घाटात ब्रेक कमी पडायला लागतात. तपासायचं असं: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा आणि मग बोटाने चाचपा. सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल लागलीच पाहिजे. छोटी फेरी मारून आल्यावर हात रिमला न टेकवता जवळ नेऊन चारही चाकांची धग बघा. नेहमीपेक्षा जास्त तापलेली वाटली तर स्विच अर्धा आटा मागे घ्या.

नवा स्विचही जातोय, तर

बऱ्याच व्हॅनमध्ये दिव्यांचा सगळा करंट या छोट्या पॉइंटमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो. तो साडेतीन अँपिअरसाठी ठीक असतो. त्यात कुणी ब्रेकच्या तारेला जादा बल्ब, फ्लॅशर आणि बझर जोडले की प्रत्येक ब्रेकला पॉइंटवर मोठी ठिणगी पडते. शहरातल्या शाळेच्या व्हॅनला दिवसभरात किती वेळा ब्रेक लागतो हे लक्षात घ्या. जादा दिवे हवेच असतील तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावा. मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार येतो. मागच्या बल्बवरचा आकडाही वाचा, २१ पेक्षा जास्त वॉटचा असेल तर काढून टाका.

दुसरं कारण पाणी. पुढच्या काचेचं रबर सुटलं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून पेडलच्या ब्रॅकेटवर उतरतं. कप्लरच्या पिना हिरव्या दिसल्या तर आधी गळती बंद करा. स्विचच्या आत-बाहेर होणाऱ्या पिनेवर तेल किंवा ग्रीस चोपडू नका, त्यात धूळ बसून पिन अडकायला लागते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पेडल मऊ लागत असेल, दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल किंवा पेडलच्या दांड्यावर, कार्पेटवर ब्रेक ऑइलचा ओलावा असेल तर हे स्विचचं काम राहिलेलं नाही. गाडी हलवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. पेडलचं ब्रॅकेट वाकलेलं किंवा चिरलेलं दिसलं तरी तसंच.

नवा फ्यूज पुन्हा उडतो, तार वितळलेली दिसते किंवा जळका वास येतो, तेव्हा बॅटरीची तार काढून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. स्विच बदलूनही एबीएसचा दिवा जात नसेल तर स्कॅनर असलेल्या वर्कशॉपशिवाय पर्याय नाही. डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टणाच्या तारा किंवा पिवळे कप्लर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत, त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः तारा सोलू नका.

इलेक्ट्रिशियनला नुसतं 'ब्रेक लाइट बंद आहे' असं सांगू नका. दोन्ही बाजू की एक, फ्यूज शाबूत की नाही, स्विचच्या कप्लरवर वीज आहे का, तार जोडल्यावर दिवे लागले का, ही चार उत्तरं दिलीत तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. आणि दिवे दुरुस्त होईपर्यंत त्या व्हॅनमध्ये मुलं किंवा प्रवासी बसवू नका.